गरम की गार?

आमच्या ह्यांचा गुडघा कुरकुरायला लागला की मी रबराची गरम पाण्याची पिशवी काढते आणि आधी त्यांना डोळे मिटायला लावते. मग एक चमचा फ्रिजमधल्या पाण्यात बुडवून आणि एक कोमट पाण्यात बुडवून आळीपाळीने त्यांच्या गुडघ्याला लावते आणि विचारते, "गरम की गार?" हे वैतागतात. "अगं, गुडघा माझा, दुखणं माझं, वर परीक्षा कसली?" असं म्हणतात. पण उत्तर दिल्याशिवाय पिशवी मिळत नाही हे एव्हाना त्यांना पक्कं कळलंय. ही खोड माझी नाही. ती मला वंदना वानखेडेने लावली.

वंदना फिजिओथेरपिस्ट. दहिसरला यायच्या आधी आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो, तिथून दोन गल्ल्या सोडून तिचं क्लिनिक होतं. इमारतीच्या तळमजल्यावर, बाहेर इस्त्रीवाल्याचं टेबल, आत हिरवे पडदे लावून केलेले तीन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक पलंग. कोपऱ्यात स्टीलची एक टाकी होती. तिच्यातल्या गरम पाण्यात शेकायची जाडजूड पॅडं सकाळपासून रात्रीपर्यंत म्हशींसारखी डुंबत पडलेली असायची. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी ध्यानस्थ बुद्धाचं चित्र. संध्याकाळची वेळ रेश्मा नावाची तिची कॉलेजातली मैत्रीण सांभाळायची, पण आम्ही सगळे सकाळचे, म्हणजे वंदनाचे.

मी तिच्याकडे गेले ती उजवा खांदा धरला म्हणून. खांदा धरणे म्हणजे काय, हे ज्याचा धरलाय त्यालाच कळतं. अंबाडा घालता येईना, वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढता येईना, देवळात गेले तर घंटेखाली उभी राहून शेजारच्या बाईला 'जरा वाजवा हो माझ्या नावाने' म्हणायची पाळी. घरी मी शेकत होतेच. दिवसातून जमेल तितक्या वेळा, सहन होईल तितकं गरम. आपल्याकडे समजूतच अशी की चटका बसल्याशिवाय गुण येत नाही.

वंदनाने माझा पदर बाजूला केला, पाठीकडे बघितलं आणि म्हणाली, "काकू, हे काय केलंय?"

"काय?"

तिने मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. खांद्यामागे माझ्या कातडीवर तपकिरी रंगाची जाळी उमटली होती. कोळ्याचं जाळं पसरावं तशी.

"शेकलंय," मी म्हटलं.

"शेकलं नाही काकू, भाजलंय. हळूहळू, प्रेमाने." मग तिने ट्रेमधून काचेच्या दोन नळ्या उचलल्या. "चला, डोळे मिटा."

मी म्हटलं, "माझे डोळे ठीक आहेत, खांदा दुखतोय."

"ते बघा," तिने हनुवटीने बुद्धाच्या चित्राकडे खूण केली, "त्यांनी कधीचे मिटलेत. आता तुम्ही मिटा."

एका नळीत गरम पाणी, एकीत गार. ती नळी अलगद खांद्याला टेकवायची आणि विचारायची, "गरम की गार?" मी सांगायचे. पास झाले तेव्हा तिने टाकीतलं पॅड चिमट्याने काढलं, निथळलं, टॉवेलच्या घड्यांमध्ये गुंडाळलं आणि आधी स्वतःच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला टेकवून थोडा वेळ उभी राहिली. त्या हातात ती बांगडी काय, घड्याळसुद्धा घालत नसे. टाकीला काटा होता, तापमान दाखवायचा. पण ती म्हणायची, "काटा पाण्याचं सांगतो. कातडीचं कातडीच सांगणार." मग ते पॅड माझ्या खांद्यावर आलं. इतकी सौम्य, ओलसर ऊब होती की मला गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा जांभई आली.

मला बोलल्याशिवाय पडून राहवत नाही. मी विचारलं, "आत काय होतं गं याने?"

तिला असं विचारलेलं फार आवडायचं. पडदा सरकवून ती स्टुलावर बसली. "कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात. रक्त जास्त येतं, बरोबर प्राणवायू येतो, साचलेलं नको ते वाहून जातं. दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा जरा शांत होतात. मग स्नायू आवळून बसलेला असतो ना, तो सैल सोडतो."

"म्हणजे बरं होतं."

"नाही. म्हणजे बरं करता येतं," ती म्हणाली. "काकू, तिळाचे लाडू कधी वळता? पाक गार झाल्यावर?"

"गार झाल्यावर कसले वळतायत! गरम असतानाच, हात पोळत."

"हां. खांद्याच्या सांध्याभोवतीचं वेष्टन तसंच आहे. गार असताना ओढलं तर नुसतं दुखेल. आता ते मऊ झालंय. गरम आहे तोवर वळायचं, आणि ताणून धरायचं, गार होईपर्यंत. चला, उठा."

आणि मग तिने माझा हात असा काही वर नेला की मला माहेरची सगळी माणसं आठवली. 'गरम आहे तोवर वळा' हे तिचं पालुपद होतं. शेक झाला की लोकांना चहा हवा असायचा, फोन करायचा असायचा, डुलकी काढायची असायची. ती पडद्यामागून ओरडायची, "काय चाललंय? गरम आहे तोवर वळा, नाहीतर उद्या परत दगड!" अजूनही संक्रांतीला पाक ताटात ओतला की माझा उजवा खांदा आपोआप सावध होतो.

रागावणं तिला येत नसे. पेशंट ऐकत नसला की ती जास्तच हळू बोलायची. स्टेशनपलीकडे धान्याचं दुकान असलेले शहाकाका कंबरेला शेक घ्यायला यायचे. त्यांना सगळं जास्तीच लागायचं. "बेन, थोडा और गरम करो ने," हे सुरूच. ती नाही म्हणाली की पडदा ओढल्यावर ते स्वतःच कंबरेखाली हात घालून टॉवेलची एक घडी काढून टाकायचे. एकदा तिने पकडलं. मला वाटलं, आता बोलणार. तिने टॉवेल उचलला, परत घडी घातली आणि विचारलं, "शहाकाका, तुम्ही पापड भाजता की जाळता?"

"भाजतो."

"मग कंबरेनं काय घोडं मारलंय? चटका बसला की शरीर घाबरतं. घाबरलेला स्नायू अजून आखडतो. तुम्हाला गुण हवाय की चटका?"

शहाकाका थोडा विचार करून म्हणाले, "दोनों."

ती इतकी हसली की पलीकडच्या पलंगावर मीपण हसायला लागले. पुढे एकदा शहाकाकांचा पाय दुकानाच्या पायरीवर मुरगळला आणि ते लंगडत थेट शेकायला आले, तर तिने पायावर बर्फ ठेवला. ताज्या सुजेवर शेक म्हणजे आगीत तेल, दोन-तीन दिवस तरी उबेचं नाव काढू नका, असं सांगितलं. शहाकाकांना ती फसवणूक वाटली. जाताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बेन कंजूस आहे. गरमी वाचवते."

पण वंदना मला खरी कळली ती हिरामावशीमुळे.

हिरामावशी मुलुंडच्या बाजारात मासे विकायची. पिढ्यानपिढ्या खाडीकाठची कोळी मंडळी. पहाटेपासून तिचे हात बर्फात. उजव्या हाताची बोटं आखडली होती, मूठ वळत नव्हती, आणि मासे कापायचा कोयता धरता आला नाही तर धंद्याची वाट लागणार होती. तिला वंदना मेणाचा शेक द्यायची. एका भांड्यात वितळलेलं मेण, त्यात हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा, की हातावर पांढरा जाड हातमोजा तयार होतो आणि ऊब आत धरून ठेवतो. हिरामावशीला ते इतकं आवडायचं की तिच्या तोंडावर जत्रेतल्या पोरीचं हसू यायचं. "आख्ख्या जन्माचा बर्फ वितळला गो बाय," म्हणायची.

नळ्यांच्या परीक्षेत ती नेहमी पहिली. डोळे मिटून, माशाचा भाव सांगावा तशा खणखणीत आवाजात, "गरम! गार! गरम!" आम्ही बाकीचे कधीतरी अडखळायचो, ती नाही.

एक दिवस तिच्या बोटाच्या पेरावर वंदनाला लहानसा फोड दिसला. "कधी झाला?" विचारलं, तर हिरामावशीला माहीतच नव्हतं. वंदना उठली. आत गेली, नळ्या घेऊन आली.

"डोळे मिटा मावशी. गरम की गार?"

"गरम!"

"आता?"

"गार!"

वंदनाने नळ्या ट्रेमध्ये ठेवल्या. "मावशी, दोन्ही गार होत्या."

हिरामावशीने डोळे उघडले, आपल्या बोटांकडे बघितलं आणि एरवी सगळा बाजार डोक्यावर घेणारी ती बाई अगदी हळू म्हणाली, "मंग मना आता शेक नाय देनार ना तू?"

"आधी हे सांगा, रोज बरोबर कसं यायचं?"

"तू पयली गरम लावतंस, मंग गार. रोज तसंच. मना पाठ झालाय."

मला वाटलं, वंदना तिला आता खोटं बोलल्याबद्दल सुनावणार. ती स्टुलावर बसली आणि हिरामावशीचा गार हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "चूक माझी आहे मावशी. मी एकाच ओळीने विचारत गेले. पण एक लक्षात ठेवा. कळत नसेल तर 'कळत नाही' म्हणायचं. तेसुद्धा बरोबर उत्तर आहे. त्याला मी मार्क कापत नाही."

"पन शेक तर कापशील."

"हाताचा कापेन. जिथे कळत नाही तिथे गरम ठेवायचं नाही, कारण भाजलं तर शरीर ओरडणार नाही. पण दंडाला कळतंय ना तुम्हाला?" तिने दंडाला नळ्या लावल्या, ओळ उलटीसुलटी करून. तिथे हिरामावशीला चोख कळत होतं. मग तिने शेक दंडावर ठेवला. "इथलं रक्त कोमट होऊन खाली बोटांपर्यंत जाईल. वरून पाणी सोडलं की खालच्या वाफ्यालाही मिळतं. थोडं उशिरा."

बोटं खरंच हळूहळू कोमट झाली. मग तिने ती एकेक करून वळवली. हिरामावशीला तिने डॉक्टरकडे पाठवलं, तेव्हा साखर निघाली. बर्फात हात घालताना रबरी हातमोजे घालायची सक्ती झाली. "मोजे घातलेल्या कोलनीचा म्हावरा कोन ताजा म्हनंल?" अशी कुरकुर महिनाभर चालली, पण मोजे चढले आणि कोयताही हातात टिकला. त्या दिवसापासून वंदनाच्या नळ्यांची ओळ कुणालाही पाठ होऊ शकली नाही. कधी दोनदा गरम, कधी तीनदा गार. शहाकाका म्हणायचे, बेन पत्ते पिसते.

माझा खांदा सुटला, तरी मी महिन्यातून एखाददा जायचे. कधी मान, कधी कंबर, वय झालं की कारणं कमी पडत नाहीत. अशाच एका सकाळी तिच्या डाव्या मनगटावर मला भाजल्याचा डाग दिसला. "अगं, हे काय?"

"कुकर लागला असेल," ती म्हणाली. "कळलंच नाही." आणि पुढच्या पेशंटकडे गेली. मीही विसरले.

त्यानंतर काही दिवसांनी मी मानेला शेक घ्यायला पालथी पडले होते. नेहमीसारख्या नळ्या झाल्या. तिने पॅड काढलं, गुंडाळलं, स्वतःच्या हातावर टेकवून थांबली, ठीक आहे म्हणाली आणि माझ्या मानेवर ठेवलं. मी ताडकन उठून बसले.

"वंदना, भाजतंय गं!"

तिने झटक्यात पॅड उचललं. मान लाल झाली होती, पण वाचली होती. टाकीचा काटा अडकला होता आणि पाणी भलतंच तापलं होतं, हे नंतर कळलं. ती माझ्या मानेला गार पाण्याचं फडकं लावत होती आणि तिचं लक्ष दुसरीकडे होतं. फडकं माझ्या हातात देऊन तिने ते पॅड पुन्हा स्वतःच्या डाव्या हातावर ठेवलं. मग उजव्या हातावर. उजवा हात तिने लगेच मागे घेतला.

तिने पॅड टाकीत परत टाकलं. मग पडदा ओढून घेतला आणि नळ्यांचा ट्रे माझ्यासमोर ठेवला. "काकू, तुम्ही विचारा. ओळ बदलत राहा."

तिने डोळे मिटले. मी डाव्या हाताला गरम नळी लावली. "गार," ती म्हणाली. गार लावली. "गार." पुन्हा गार. "गरम... हो, गरम." बोटाने शिवलं तर शिवलेलं तिला कळत होतं. गरम-गार मात्र कळत नव्हतं. तरी ती प्रत्येक वेळी उत्तर देत राहिली. 'कळत नाही' म्हणाली नाही. मी नळ्या खाली ठेवल्या.

"किती चुकल्या?" तिने डोळे उघडून विचारलं.

"मला कुठे येतंय नीट विचारायला," मी म्हटलं.

"हात गार पडलाय आज. नस दबली असेल, येईल परत," ती म्हणाली आणि टाकीचं बटण बंद केलं. त्या सकाळी तिने कुणालाच शेक दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून शेकापुरती रेश्मा सकाळीही यायला लागली. वंदना फक्त व्यायाम घ्यायची.

रेश्मानेच तिला हाताला धरून तपासण्यांना नेलं. मानेच्या मणक्यात, मज्जारज्जूच्या आत, पाण्याची एक बारीक पोकळी तयार झाली होती. अशा दुखण्यात स्पर्श राहतो आणि गरम-गार आधी जातं. डॉक्टरांचं म्हणणं, ऑपरेशन लवकर करा. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, पण थांबलात तर हाताची ताकदही जाईल. हे सगळं मला रेश्माने सांगितलं. वंदना या विषयावर बोलायचीच नाही. बोलली तर एवढंच, "सुधारतंय काकू. परवा चहाचा कप गरम लागला." ऑपरेशनचं नाव काढलं की तिला एखादा पेशंट आठवायचा. दुसऱ्यांच्या खांद्याला, गुडघ्याला आयुष्यभर खरं बोलायला लावणारी ही मुलगी स्वतःच्या हाताशी मात्र लपंडाव खेळत होती. मला तिचा राग यायचा, आणि रागापेक्षा काळजी जास्त. तो हात गेला तर ती काय करणार होती? तिचं सगळं शहाणपण त्या हातात होतं.

मग आमची सोसायटी पाडायला निघाली आणि आम्हाला भाड्याने दहिसर गाठावं लागलं. मुलुंड सोडायच्या आदल्या दिवशी मी तिचा निरोप घ्यायला गेले. सोबत तिळाचे लाडू नेले होते, संक्रांत नसतानाही.

क्लिनिकमध्ये शहाकाका कंबरेला शेक घेत पालथे पडले होते. हिरामावशी बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. आणि मधल्या पलंगावर पेशंटच्या जागी वंदना बसलेली. समोर रेश्मा, हातात ट्रे. दोघींचं आधीच काहीतरी झालं असणार, कारण रेश्माचा चेहरा लाल होता.

"सुधारलंय म्हणतेस ना? मग बस. मिट डोळे."

"रेश्मा, पेशंट थांबलेत यार."

"थांबू देत. सुधारलं असेल तर मी परत ऑपरेशनचं नाव काढणार नाही. प्रॉमिस."

वंदनाने भिंतीवरच्या बुद्धाकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटले. मी लाडवांचा डबा घेऊन दारातच उभी राहिले. रेश्माने गार नळी उचलून तिच्या मनगटाला टेकवली.

"गरम की गार?"

बाकावरून हिरामावशी खोकली. एकदा, मग मुद्दाम अजून एकदा. नळी गार असली की खोकायचं, असं तिने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

डोळे न उघडता वंदना म्हणाली, "मावशी, खोकू नका."

हिरामावशीने तोंडावर हात धरला. शहाकाकांनीही मान वर केली होती. रेश्मा नळी टेकवून तशीच उभी. बाहेर इस्त्रीवाला कपड्यांवर पाणी शिंपडत होता, तेवढाच आवाज येत होता.

मग वंदनाने एक मोठा श्वास सोडला.

"कळत नाही," ती म्हणाली.

रेश्माच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि बाकावरून हिरामावशीचा तो बाजारातला खणखणीत आवाज आला.

"बरोबर!"